पीक बुडाले म्हणून निर्णय चुकला काय?

पत्त्यांच्या खेळाविषयी शेतकीच्या मासिकात चार पाने खर्च करावी, हे आमच्या पुष्कळ वाचकांस रुचणार नाही याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. फाशांपायी बायको दुरावली, सासू द्वेष करू लागली, देणे झाल्यामुळे भीत भीत रात्री दुसऱ्याच्या घराचा आसरा शोधावा लागला, अशी त्याची दशा त्यात वर्णिली असून शेवटी सवितृदेव त्यास फासे टाकून शेत कसण्याचा उपदेश करतो. जुगारी आणि शेतकरी ही दोन टोके होत, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे. ती मोडावी अशी आमची मुळीच इच्छा नाही. पैसे लावून पत्ते खेळणे आम्ही वाईट समजतो. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध १८८७ साली कायदा झाला तो महाराष्ट्रात आजही चालू आहे, आणि भ्रमणध्वनीवर पैसे लावून चालणाऱ्या खेळांस संसदेने २०२५ साली बंदी घातली ती योग्यच झाली. परंतु विहिरीवर चोर पाणी पितो म्हणून आपण विहीर बुजवीत नाही. पोकर या नावाचा जो पत्त्यांचा खेळ अमेरिकेत वाढला, त्यातील हिशेबी खेळाडूंनी एका प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. तो प्रश्न असा की, ज्या कामात अर्धा भाग आपल्या हातचा व अर्धा दैवाच्या हातचा, त्या कामात आपण घेतलेला निर्णय चांगला होता की वाईट, हे ओळखावे कसे? शेतकऱ्याचा धंदा याहून निराळा आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेवरून. त्या सभेत जे झाले ते बहुतेक सभासदांनी पाहिलेच आहे. जे आले नव्हते त्यांच्याकरिता थोडक्यात सांगतो. एका तरुण सभासदाने खरीपात फार व्यवस्थित काम केले होते. त्याने शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सोयाबीनची उगवण पाहिली. ८२ दाणे उगवले. शेतकी खाते ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका असे सांगते, म्हणून मंडळाच्या पर्जन्यमापकावर बेरीज ९० भरेपर्यंत तो थांबला. चांगला वाफसा पाहून आर्द्रात पेरणी केली, आणि सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेतल्या. त्यानंतर २४ दिवस पावसाने तोंड दाखविले नाही. रोपे कोवळी होती, ती माना टाकून वाळली. त्याच्याच बांधाला लागून असलेल्या दुसऱ्या सभासदाने मृगाच्या पहिल्या सरीवर, पर्जन्यमापक तीसही दाखवीत नसता, घरचे न तपासलेले बी सबंध रानात टाकून दिले. पाचव्या दिवशी दुसरी सर आली, बी वर निघाले, आणि पुढचा खंड पडला तेव्हा मुळ्या बऱ्याच खोल गेलेल्या असल्यामुळे पीक तगले. सभेत शाल व नारळ कोणास मिळाला हे सांगावयास नको. दुसऱ्याची पाठ थोपटली गेली. पहिल्यास 'मोजपट्टीचा शेतकरी' अशी पदवी मिळाली. एका वडीलधाऱ्या सभासदाने तर आपल्या मासिकात दर ज्येष्ठात येणारी 'पेरणीची घाई नको' ही सूचनाच बंद करावी असा ठराव मांडला. तो पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.

या प्रकारात आमचेही माप आमच्या पदरात घातले पाहिजे. सभेत टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतो, आणि त्यानंतरच्या अंकात बक्षीस मिळविणाऱ्या सभासदाचे 'धाडस व अनुभव' यांची प्रशंसा आम्हीच छापली. आठ दिवसांनी तो तरुण कार्यालयात वर्गणी भरावयास आला असता सहज बोलून गेला, "यंदा मीही पहिल्या सरीवरच टाकणार. मोजून काय मिळाले?" या एका वाक्याने आमची झोप उडविली. दुसऱ्याची प्रशंसा करता करता आम्ही या तरुणास काय शिकविले, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले.

आता पोकरकडे वळू. आपल्या वाचकांस तीन पत्ती माहीत असेल. पोकरचा हल्ली सर्वत्र चालणारा प्रकार थोडा निराळा आहे. प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात, आणि मध्ये सर्वांस सामाईक अशी पाच पाने उघडली जातात: प्रथम तीन, मग एक, मग शेवटचे एक. या सातांतून ज्याची पाच पाने सरस तो डाव जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावावयाचे, लावणाऱ्याची बरोबरी करावयाची किंवा पाने टाकून बाजूस व्हावयाचे. आता असे समजा की, मधली चार पाने उघडली आहेत, आणि तुमची दोन व मधली दोन मिळून बदामाची चार पाने तुमच्याकडे जमली आहेत. शेवटचे पान बदामाचे निघाले तर डाव तुमचा. न निघाले तर गेला. तुम्हांस न दिसलेली पाने ४६, त्यांत बदामाची ९. म्हणजे ४६ वेळांपैकी ९ वेळा तुम्ही जिंकाल व ३७ वेळा हराल.

मध्ये १०० रुपये जमले आहेत आणि समोरच्याने आणखी २० लावले. तुम्ही २० देऊन पान पाहावे की उठावे? हिशेब सोपा आहे. जिंकलात तर १२० मिळतील, हरलात तर २० जातील. असा प्रसंग ४६ वेळा आला तर ९ वेळा १२० प्रमाणे १०८० रुपये येतील, ३७ वेळा २० प्रमाणे ७४० जातील. ३४० रुपये शिल्लक. तेव्हा पैसे देऊन पान पाहणे हाच बरोबर निर्णय, मग पाचांपैकी चार वेळा हार पत्करावी लागली तरी चालेल. परंतु समोरच्याने २० च्या ठिकाणी १०० लावले तर? आता जिंकल्यास २००, हरल्यास १००. येणार १८००, जाणार ३७००. तूट १९०० रुपयांची. पाने तीच, शेवटचे पान बदामाचे निघण्याचा संभवही तोच, पण पैसे देणे आता चूक ठरले. आणि ही चूक करणारा पाचांत एकदा जिंकतो! जिंकल्यावर तो मिशीला पीळ देतो, भोवतालची मंडळी वाहवा करतात, आणि ज्याने योग्य वेळी पाने टाकली त्यास भित्रा म्हणतात.

मौज अशी की, चांगला खेळाडू या वाहवेस भुलत नाही. सगळ्यांत जबर हात म्हणजे दोन एक्के. त्यांच्यासमोर दोन राजे असले तर पैसे लावणे बरोबर याविषयी कोणाचे दुमत नाही. तथापि तेथेही एक्के शंभरात सुमारे ८२ वेळाच जिंकतात. उरलेल्या अठरा वेळा हरणाऱ्याने काय करावे? एक्के मिळाले असता पुढे पैसे लावू नयेत, असा धडा घ्यावा काय? असा धडा घेणारा लवकरच भिकेस लागेल. म्हणून जाणते खेळाडू रात्री डाव आठवून लिहून काढतात आणि स्वतःस विचारतात, 'त्या क्षणी मला काय दिसत होते, काय अंदाजता येत होते, त्यावरून मी केले ते बरोबर होते काय?' पान कोणते निघाले हा भाग ते हिशेबातून वगळतात. विशेष म्हणजे हरलेल्या डावांइतकेच जिंकलेले डावही ते तपासतात. आमच्या मते हे दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे. पडलेल्या भिंतीचा पाया सगळेच उकरून पाहतात. उभ्या भिंतीचा कोण पाहतो?

ॲनी ड्यूक या अमेरिकन बाई पोकरमध्ये नाव मिळवून पुढे निर्णयशास्त्रावर लिहू लागल्या. परिणामावरून निर्णयाची किंमत ठरविण्याच्या या खोडीस खेळाडूंत 'रिझल्टिंग' असे नावच आहे, असे त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'थिंकिंग इन बेट्स' या पुस्तकात सांगितले आहे. ही खोडी केवळ अडाण्यांची आहे असेही नव्हे. जोनाथन बॅरन व जॉन हर्शी या दोघा अभ्यासकांनी १९८८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय घेणाऱ्या वैद्याची हकीकत त्यांनी लोकांस वाचावयास दिली. वैद्यासमोरची माहिती तीच, विचार तोच. फक्त शेवट निराळा. रोगी वाचला असे वाचणारांनी वैद्याच्या विचारास अधिक गुण दिले. दगावला असे वाचणारांनी कमी. आणि परिणाम विचारात घेणे योग्य आहे काय असे ज्यांस विचारले, त्यांनी तसे करू नये असेच उत्तर दिले. कळत होते, पण वळत नव्हते. आपल्या सभेतील टाळ्या आठवून आम्हांस हे वाचताना थोडी लाजच वाटली.

शेतीत हा हिशेब कसा मांडावा, हे एका उदाहरणाने पाहू. आकडे आम्ही सोयीसाठी कल्पिलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या रानाचे आकडे त्यांच्या जागी घालावे. समजा, मृगाच्या पहिल्या सरीनंतर लागून पाऊस येण्याचे योग दहा वर्षांत चार. लवकर पेरणी साधली तर एकरी ४,५०० रुपयांचे उत्पन्न जास्त येते. फसली तर बी, खत व पेरणीची मजुरी मिळून ६,००० रुपये मातीत जातात आणि दुबार पेरावे लागते. दहा वर्षांत चार वेळा ४,५०० प्रमाणे १८,००० आले, सहा वेळा ६,००० प्रमाणे ३६,००० गेले. एकरी १८,००० रुपयांचा तोटा. असे असूनही दहांपैकी चार वर्षे हाच मनुष्य गावात शहाणा ठरेल आणि थांबणारा खुळा! दुसऱ्या शेतकऱ्याची गोष्ट घ्या. त्याचे रान भारी व ओल धरणारे आहे, लवकर सोयाबीन काढून त्याच जागी हरभरा साधला तर त्यास लवकर पेरणीपासून एकरी ९,००० अधिक मिळतात. त्याचा हिशेब बरोबरीत सुटतो. पाऊस लागून येण्याचे योग चाराच्या ठिकाणी पाच असले तर त्याने लवकर पेरणेच बरोबर. म्हणजे एकाच गावात, एकाच सरीवर, एकाने पेरणे शहाणपणाचे व दुसऱ्याने पेरणे वेडेपणाचे असू शकते. नुसत्या खळ्यावरच्या राशीकडे पाहून हे कोणासही सांगता येणार नाही.

येथे पोकर व शेती यांत एक मोठा फरक आहे, आणि आमचा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. पोकर खेळणारा एका रात्रीत शंभर डाव पाहतो, वर्षात हजारो. इतक्या डावांत दैवाचे चढउतार पुष्कळसे एकमेकांस खातात, आणि शेवटी ज्याचा निर्णय चांगला त्याच्या गाठीस पैसा राहतो. म्हणजे त्याने धीर धरला तर निकालही त्याचा न्याय करू शकतो. शेतकऱ्याचे तसे नाही. विसाव्या वर्षी नांगर हाती घेतला आणि साठाव्या वर्षी मुलाच्या हाती दिला, तर त्यास सगळे मिळून खरीपाचे डाव चाळीस. त्यांतही बी बदलले, भाव बदलले, विहीर आली, बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. एक डाव दुसऱ्यासारखा नाही. पोकरवाल्याच्या एका रात्रीइतकेही डाव ज्यास जन्मात मिळत नाहीत, त्याने एका हंगामाच्या निकालावरून आपली पद्धत बदलावी, हे केवढे धाडस! निकालाची वाट पाहणे पोकरवाल्यास एक वेळ परवडेल, आपणांस नाही. निर्णय घेतेवेळी तो नीट तपासून घेणे हाच मार्ग आपणांस उरतो.

हवामान खात्याच्या अंदाजाविषयी आपले लोक जे बोलतात तेही याच जातीचे आहे. २००९ साली एप्रिल महिन्यात खात्याने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल असे सांगितले, जूनमध्ये तो आकडा ९३ वर आणला. प्रत्यक्षात ७८ टक्के झाला. १९७२ नंतर इतके कोरडे वर्ष आले नव्हते. त्या वर्षी अंदाजावर विसंबून ज्यांनी पेरले त्यांस पुढे मूर्ख म्हटले गेले. परंतु मे महिन्यात बसून विचार करणाऱ्याजवळ त्याहून चांगली माहिती कोणती होती? पंचांगातले वाहन? अंदाज चुकतो हे खरे; तथापि चुकू शकणाऱ्या उत्तम माहितीवर चालणे आणि मुळीच माहिती न घेता चालणे, या दोहोंचे नुकसान सारखे भरले म्हणून ती दोन्ही एकच होत नाहीत. मात्र अंदाज चुकला तर माझे काय होईल याचा विचार ज्याने आधी केला नाही, त्याचा दोष आम्ही नाकारीत नाही.

एकाच्या निकालावरून शेकडो लोक कसे वाहवत जातात, याचे एक उदाहरण पोकरमधलेच आहे. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस ८६ डॉलरांच्या प्रवेशस्पर्धेतून जागतिक स्पर्धेत शिरला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. पुढच्या वर्षी २,५७६ झाले, त्यापुढच्या वर्षी ५,६१९. पहिले बक्षीस एकालाच मिळावयाचे होते. आपल्याकडे तुरीचे काय झाले? २०१५ साली तूरडाळ किलोस २०० रुपयांवर गेली. ज्यांच्या घरात तेव्हा तूर होती ते द्रष्टे ठरले. पुढच्या हंगामात जो तो तुरीकडे धावला, पाऊसही चांगला झाला, आणि देशातील तुरीचे उत्पन्न सुमारे २६ लाख टनांवरून ४८ लाख टनांवर गेले. सरकारने ५,०५० रुपये क्विंटल हा भाव जाहीर केला असता बाजारात त्याखाली तूर विकावी लागली, आणि २०१७ साली खरेदीकेंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. २०१५ च्या तुरीवाल्यांपैकी किती जणांनी भाव वाढतील असा विचार करून तूर ठेवली होती, आणि किती जणांची सहज राहिली होती, हे कोणी विचारले नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो रास्त असल्यामुळे आधीच घेतो. निकाल पाहावयाचा नाही असे ठरले तर प्रत्येक आळशी मनुष्य 'माझा निर्णय चांगलाच होता, दैवाने दगा दिला' असे म्हणून मोकळा होईल. पोकर खेळणारांतही ही जात फार आहे. बरोबर खेळून शेवटच्या पानावर आपण कसे हरलो याच्या रडकथा ते एकमेकांस ऐकवीत असतात, आणि ऐकणारे कंटाळून उठून जातात. पण नीट पाहिले तर ही कसोटी निकालाच्या कसोटीहून कडक आहे. निकाल हरणाऱ्यासच जाब विचारतो. ही कसोटी जिंकणाऱ्यासही सोडीत नाही. आणि पश्चात्बुद्धीने सबबी रचता येऊ नयेत याकरिता निर्णय घेतानाच त्याची कारणे लिहून ठेवणे हा उपाय आहे. पाऊस किती झाला, बी किती उगवले, जवळ पैसा किती, दुसरा कोणता मार्ग विचारात घेतला व तो का सोडला, इतक्या चार ओळी पेरणीच्या आदल्या रात्री लिहिल्या तर मार्गशीर्षात खोटे बोलावयास जागाच राहत नाही. कोणी म्हणेल, फळाची आशा सोडून कर्म करावे हे आपणांस ठाऊक आहेच. आमचे म्हणणे त्याहून फार खालच्या पायरीवरचे आहे. फळाची आशा अवश्य धरावी. ते मिळण्याचा उत्तम मार्ग कोणता हे फळावरून नव्हे तर मार्गावरून ठरवावे, इतकेच.

आता त्या तरुणाच्या निर्णयाकडे पुन्हा येऊ, कारण त्यास केवळ शाबासकी देऊन सोडणे हाही अन्यायच होईल. त्याची वही आम्ही मागून घेतली व मंडळाच्या दोघा जुन्या सभासदांबरोबर बसून वाचली. उगवण पाहिली हे बरोबर. ९० मिलिमीटरपर्यंत थांबला हेही, त्याचे रान हलके असल्यामुळे, बरोबर. तूर मध्ये घेतली ती तर फारच बरोबर. तीच आज थोडीबहुत उभी आहे. पण एक चूक सापडली, आणि ती सभेत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाचही एकर त्याने एकाच दिवशी पेरले, आणि त्यासाठी घरातला सगळा पैसा घालून वर हातउसने घेतले. पोकरमधील शहाणे खेळाडू एक दंडक पाळतात: बैठकीस जितका पैसा लागतो त्याच्या निदान वीसपट गाठीस असल्याशिवाय तेथे बसावयाचे नाही. हिशेब कितीही अनुकूल असो, ओळीने चार डाव उलटे गेले तर मनुष्य खेळातूनच उठेल अशी पैज त्यांच्या मते चुकीचीच. शेतकऱ्यास वीसपट पैसा कोठून असणार? म्हणून त्याने दुसरा मार्ग धरावयाचा: तीन एकर आज पेरावे, दोन एकर आठ-दहा दिवस मागे ठेवावे, आणि निदान दुबारीच्या बियाण्यापुरता पैसा हाताशी राखावा. त्या तरुणाने असे केले असते तर मागे ठेवलेल्या दोन एकरांचे बी घरातच राहिले असते. पाऊस भरपूर झाला असता तरी ही चूक चूकच होती. फक्त ती कोणास दिसली नसती, आणि शाल कदाचित त्याच्याच खांद्यावर पडली असती.

बक्षीस मिळालेल्या सभासदाविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. त्याच्या मेहनतीने पीक आले, ते कोणी चोरून आणलेले नाही. आम्ही त्यासही भेटलो. न तपासलेले बी सबंध रानात का टाकले असे विचारता तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "दादा, तीन वर्षांमागे असेच टाकले होते, तेव्हा सगळे गेले. त्या वर्षी तुम्ही कोणी विचारावयास आला नाहीत." याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

यास्तव कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. पीकस्पर्धेतील बक्षीस राशीवर दिले जाते ते तसेच राहू द्यावे. परंतु त्याबरोबर दुसरे एक बक्षीस वहीकरिता ठेवावे, आणि त्याचा निर्णय श्रावणात, पीक हाती येण्यापूर्वीच, करून पाकिटात बंद करावा. दुसरी सूचना पतपुरवठा समितीसाठी आहे. ज्याचे पीक गेले त्याच्या नव्या अर्जावर केवळ गतवर्षीचे उत्पन्न पाहून शेरा मारू नये; पेरणीच्या वेळी त्याने काय पाहिले होते हेही विचारावे. तसेच ज्याचे पीक भरघोस आले त्यासही तोच प्रश्न विचारावा. ज्येष्ठातील सूचना बंद करण्याचा ठराव पुढील सभेत येईल तेव्हा आम्ही त्याविरुद्ध बोलणार आहोत. मात्र 'घाई नको' एवढेच न छापता कोणत्या रानास किती थांबणे परवडते याचे कोष्टक तिच्याखाली द्यावे, हे आमच्या टीकाकारांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे.

त्या तरुणाची वही परत पाठविताना आम्ही वरील टीका तिच्यासोबत लिहून दिली होती. त्याचे उत्तर आले आहे. एकदम सर्व रान पेरण्याची चूक त्यास पटली. परंतु त्याने उलट विचारले आहे की, पहिल्या सरीनंतर पंधरा दिवसांत पाऊस लागून येतो अशी वर्षे आपल्या गावात दहांत चार की सहा, हे कोणी मोजले आहे काय? मोजलेले नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदवह्या कार्यालयातील लाकडी कपाटात पडून आहेत, काहींस वाळवी लागली आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता त्या बाहेर काढून आकडे उतरून घेण्याचे योजिले आहे. तो येणार आहे. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी पेन्सिल व चौकटीचा कागद बरोबर आणावा.